शपथ, आज्ञा आणि नकार : पेशावर १९३० च्या संदर्भात सैनिकी शपथेची चिकित्सा

बीजसंज्ञा : सैनिकी शपथ, कायदेशीर आज्ञा, आज्ञाभंग, पेशावर १९३०, चंद्रसिंह गढवाली, गांधीविचार, सेना अधिनियम १९५०

प्रस्तावना

पश्चिम महाराष्ट्रातील महाविद्यालयांत शिकविणाऱ्या प्राध्यापकांना सैन्यभरती हा विषय परका नाही. पहाटे मैदानावर धावणारी मुले दुपारी वर्गात बसलेली असतात आणि त्यांतील काही वर्ष-दोन वर्षांत गणवेशात भेटावयास येतात. प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर होणाऱ्या ‘कसम परेड’चे छायाचित्र ती अभिमानाने दाखवितात. अशाच एका माजी विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारलेला प्रश्न या निबंधाचे निमित्त आहे. त्याचा प्रश्न असा होता : “सर, शपथेत ‘सर्व आज्ञा पाळीन’ असे आम्ही म्हणतो. मग चुकीची आज्ञा आली तर शपथ कोणाच्या बाजूने असते?”

या प्रश्नाचे उत्तर वरवर सोपे आहे. सैनिकाने कायदेशीर आज्ञा पाळावी, बेकायदेशीर आज्ञा पाळू नये, असे कोणताही कायद्याचा अभ्यासक सांगेल. परंतु हे उत्तर शपथेच्या शब्दांत नाही, ते कायद्याच्या पुस्तकात आहे. शपथ आणि कायदा यांतील हे अंतर किती, ते कोठून आले आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार मराठीत फारसा झालेला दिसत नाही. सैनिकी जीवनाविषयीचे आपले लेखन बहुधा शौर्य, त्याग आणि हौतात्म्य यांभोवती फिरते. आज्ञा न पाळणारा सैनिक त्यात क्वचितच भेटतो, आणि भेटलाच तर तो एकतर बंडखोर देशभक्त असतो किंवा भित्रा. कायद्याचा विचार करून, शपथेचा अर्थ लावून नकार देणारा सैनिक ही तिसरी शक्यता आपण विचारात घेतलेली नाही.

भारतीय इतिहासात या शक्यतेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे एप्रिल १९३० मध्ये पेशावर येथे गढवाली सैनिकांनी दिलेला नकार. या नकारावर महात्मा गांधींनी जो अभिप्राय दिला तो आजही वाचकाला अस्वस्थ करतो. प्रस्तुत निबंधात त्या अभिप्रायाची आणि भारतीय सैनिकी शपथेच्या संहितेची एकत्रित चिकित्सा करावयाची आहे.

निबंधाची उद्दिष्टे व मर्यादा

१. पेशावरच्या नकाराबाबत गांधीजींनी घेतलेल्या भूमिकेचे तर्कदृष्ट्या परीक्षण करणे.
२. भारतीय सैनिकी शपथ आणि सेना अधिनियम यांतील शब्दयोजनेची तुलना करणे.
३. अमेरिका व जर्मनी येथील शपथांच्या संदर्भात भारतीय शपथेचे वेगळेपण तपासणे.

निबंधासाठी संहिता-विश्लेषण व तुलना या पद्धतींचा अवलंब केला आहे. युद्धच योग्य की अयोग्य, हा व्यापक नैतिक प्रश्न येथे घेतलेला नाही. सैन्य आवश्यक आहे आणि शिस्तीवाचून सैन्य चालत नाही, हे गृहीत धरूनच पुढील विवेचन केले आहे.

पेशावरची घटना

१२ मार्च १९३० रोजी दांडीयात्रा सुरू झाली आणि ६ एप्रिलला मिठाचा कायदा मोडला गेला. वायव्य सरहद्द प्रांतात खान अब्दुल गफारखान यांच्या नेतृत्वाखालील खुदाई खिदमतगार या संघटनेने अहिंसेची शपथ घेऊन या आंदोलनात उडी घेतली होती. २३ एप्रिल रोजी गफारखानांना अटक झाली. त्याच दिवशी पेशावर शहरातील किस्साखानी बाजारात जमलेल्या निःशस्त्र जमावावर चिलखती गाड्या व सैन्य यांच्या साहाय्याने गोळीबार करण्यात आला. सरकारने मृतांची संख्या ३० च्या आसपास सांगितली, तर बिगरसरकारी अंदाज त्याच्या कितीतरी पट होते.

या शहरात तैनात असलेल्या १८ व्या रॉयल गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनमधील दोन प्लॅटूनांनी आज्ञा पाळण्यास नकार दिला. हवालदार चंद्रसिंह गढवाली हे त्यांचे अग्रणी मानले जातात. नकाराचा नेमका क्षण कोणता याबाबत वृत्तान्तांत फरक आहे. लोकस्मृतीत आणि राहुल सांकृत्यायन यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे रूढ झालेल्या कथनात बाजारात जमावासमोर गोळीबाराचा हुकूम झाला व चंद्रसिंहांनी तो तेथेच थांबविला. सरकारी बाजूच्या वृत्तान्तात भर आहे तो दुसऱ्या दिवशी शहरात जाण्यास दिलेल्या नकारावर. दोन्ही वृत्तान्तांत एक गोष्ट समान आहे. गढवाली सैनिक हिंदू होते, समोरचे पठाण मुसलमान होते, आणि तरीही निःशस्त्र लोकांवर शस्त्र चालवावयाचे नाही हे नकाराचे कारण होते. धर्मभेदावर विसंबून केलेली शासनाची आखणी येथे फसली.

अबोटाबाद येथे लष्करी न्यायालय बसले. बॅरिस्टर मुकुंदीलाल यांनी सैनिकांचा बचाव केला. चंद्रसिंहांना जन्मठेपेची आणि अन्य १६ जणांना कमी-अधिक मुदतीच्या कारावासाची शिक्षा झाली. चंद्रसिंह १९४१ मध्ये सुटले, १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९९४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. ज्या कृत्यासाठी एका शासनाने जन्मठेप दिली त्याच कृत्यासाठी पुढील शासनाने तिकीट काढले. पण तशाच कृत्याविषयी स्वतंत्र भारताचा कायदा काय म्हणतो, हे तिकिटावरून कळत नाही.

येथे आणखी एक तुलना अपरिहार्य ठरते. अकरा वर्षांपूर्वी, १३ एप्रिल १९१९ रोजी, जालियनवाला बागेत ५० बंदूकधारी सैनिकांनी जनरल डायरच्या आज्ञेवरून १६५० फैरी झाडल्या होत्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मृत्युमुखी पडली. हंटर समितीने डायरला दोषी ठरविले व त्याला पद सोडावे लागले. पण बंदुका चालविणाऱ्या त्या ५० जणांपैकी कोणावरही खटला झाला नाही. ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांना प्रश्न विचारला गेला नाही आणि ज्यांनी झाडल्या नाहीत त्यांना जन्मठेप झाली. वासाहतिक शासनाची शपथेविषयीची कल्पना या दोन घटनांतून पुरेशी स्पष्ट होते.

गांधीजींचा अभिप्राय

५ मार्च १९३१ रोजी झालेल्या गांधी-आयर्विन करारात सविनय कायदेभंगाच्या कैद्यांच्या सुटकेची तरतूद होती. मात्र आज्ञाभंगाच्या गुन्ह्यासाठी शिक्षा झालेल्या सैनिकांना व पोलिसांना या माफीतून स्पष्टपणे वगळण्यात आले. गढवाली सैनिक तुरुंगातच राहिले. पुढे गोलमेज परिषदेच्या निमित्ताने युरोपात असताना चार्ल्स पेत्राश या फ्रेंच पत्रकाराने गांधीजींना याविषयी छेडले. ही मुलाखत १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. गांधीजींच्या उत्तराचा आशय असा : गोळीबाराची आज्ञा मोडणारा सैनिक आपण घेतलेली शपथ मोडतो व गुन्हेगारी स्वरूपाच्या आज्ञाभंगास पात्र होतो. अधिकाऱ्यांना आणि सैनिकांना आज्ञा मोडण्यास आपण सांगू शकत नाही, कारण उद्या सत्ता हाती आल्यावर बहुधा हेच अधिकारी व सैनिक आपणास वापरावे लागतील, आणि तेव्हा त्यांनी आपलीही आज्ञा मोडली तर काय, ही भीती राहील.

अहिंसेच्या प्रवर्तकाने अहिंसक नकाराला दोषी ठरवावे, हे अनेकांना विसंगत वाटले. डाव्या टीकाकारांनी त्यात वर्गहिताचे राजकारण पाहिले. ही टीका पूर्णतः निराधार नसली तरी ती गांधीजींच्या भूमिकेतील आंतरिक तर्काला स्पर्श करीत नाही. १९२१ मध्ये याच गांधीजींनी या शासनाची सैनिकी नोकरी करणे राष्ट्राच्या प्रतिष्ठेला न शोभणारे आहे, असे जाहीरपणे म्हटले होते. सैनिकांच्या निष्ठेला हात घालणारा त्यांचा लेख १९२२ च्या राजद्रोह खटल्यातील तीन लेखांपैकी एक होता आणि त्यांनी गुन्हा कबूल केला होता. म्हणजे सैनिकाने ब्रिटिशांची नोकरी सोडावी, असे ते सांगत होते. ज्याचा त्यांना विरोध होता तो नोकरीत राहून आज्ञा मोडण्याला. त्यांच्या दृष्टीने शपथ ही प्रतिज्ञा होती. प्रतिज्ञेतून उघडपणे बाहेर पडता येते, पण आत राहून ती मोडता येत नाही. वैयक्तिक जीवनात व्रतांना एवढे महत्त्व देणाऱ्या माणसाने असा विचार करणे स्वाभाविक होते.

तरीही ही भूमिका तीन ठिकाणी अपुरी पडते.

पहिला आक्षेप व्यावहारिक आहे. नोकरी सोडणे हा पर्याय वकिलाला, तहसीलदाराला किंवा शिक्षकाला असतो. भरती झालेल्या शिपायाला तो नसतो. त्याने आपल्या मर्जीने पलटण सोडली तर कायदा त्याला पळपुटा म्हणतो आणि त्याबद्दलही शिक्षा असते. जमाव समोर उभा आहे, हुकूम झाला आहे, त्या क्षणी राजीनाम्याचा मार्ग अस्तित्वातच नाही. त्या क्षणी दोनच गोष्टी शक्य असतात, गोळी झाडणे किंवा न झाडणे. गांधीजींनी सुचविलेला तिसरा मार्ग त्या सैनिकाच्या पायाखाली नव्हताच.

दुसरा आक्षेप तार्किक आहे. गांधीजींच्या उत्तरात नावडती आज्ञा आणि बेकायदेशीर आज्ञा यांत भेद केलेला नाही. उद्याच्या स्वराज्यातील सैनिकाने आपल्याला न पटणारी प्रत्येक आज्ञा मोडावी, असे कोणीच म्हणणार नाही. परंतु स्वराज्यातील एखाद्या अधिकाऱ्याने निःशस्त्र, कोणताही धोका नसलेल्या माणसांवर विनाकारण गोळी झाडावयास सांगितले, तर सैनिकाने ती आज्ञा पाळावी असे गांधीजींना खरोखर वाटत होते काय? त्यांचे एकूण लेखन पाहता तसे म्हणवत नाही. मात्र ज्या व्यापक शब्दांत त्यांनी उत्तर दिले त्यात हा भेद करण्यास जागा उरत नाही.

तिसरा आक्षेप शपथेच्या अर्थाविषयीचा आहे. शपथ कोणाला बांधली आहे, हा प्रश्न या उत्तरात येत नाही. आपल्या परंपरेत प्रतिज्ञेच्या पावित्र्याचे मूर्तिमंत उदाहरण म्हणून भीष्माकडे पाहिले जाते. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) या प्रतिज्ञेचे परिणाम निर्ममपणे तपासले आणि व्यक्तीने पाळलेला शब्द कुळाला कोठे घेऊन गेला हे दाखवून दिले. द्यूतसभेत द्रौपदीच्या प्रश्नापुढे निरुत्तर होणारा भीष्म शब्दाला जागलेला आहे, पण ज्या कुळासाठी शब्द दिला त्याचे रक्षण त्याने केलेले नाही. शपथेचे पालन आणि शपथेच्या हेतूचे पालन या एकच गोष्टी नाहीत, हे मराठी वाचकाला ठाऊक असलेले सत्य सैनिकी शपथेलाही लागू पडते.

येथे गांधीजींच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्यांची भीती काल्पनिक नव्हती. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळापासून नौसैनिकांचा उठाव सुरू झाला तेव्हा सरदार पटेलांनी त्यांना शरण जाण्याचा सल्ला दिला. स्वतंत्र भारतालाही सैन्य लागणार आहे आणि सैन्याच्या शिस्तीशी खेळ करता येत नाही, हीच त्यामागील धारणा होती. दुसरीकडे, नोव्हेंबर १९४५ पासून लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर चाललेल्या खटल्यात भुलाभाई देसाई यांनी राजाशी घेतलेल्या शपथेपेक्षा देशाशी असलेली निष्ठा श्रेष्ठ ठरविणारा युक्तिवाद केला होता. या तीन घटना एकाच मापाने मोजल्या गेल्यामुळे गोंधळ वाढला आहे. आझाद हिंद सेनेने निष्ठेचे स्थानच बदलले होते. नौसैनिकांचा उठाव निकृष्ट अन्न व वर्णभेदी वागणूक यांविरुद्धच्या असंतोषातून निघाला होता. पेशावरचा नकार एका विशिष्ट आज्ञेपुरता, एका विशिष्ट कृत्यापुरता होता. शिस्तीला खरा धोका पहिल्या दोन प्रकारांतून संभवतो. तिसऱ्या प्रकाराकडे मात्र शिस्तीचाच एक भाग म्हणून पाहता येते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यासाठी शपथेची संहिता नीट वाचावी लागते.

भारतीय शपथेची संहिता

स्वतंत्र भारतात सैनिकी शपथेचा नमुना सेना नियम, १९५४ मध्ये दिलेला आहे. तिचा आशय चार वचनांत मांडता येतो. एक, कायद्याने प्रस्थापित झालेल्या भारतीय संविधानाशी खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन. दोन, कर्तव्याला बांधील राहून संघराज्याच्या नियमित सेनेत प्रामाणिकपणे व निष्ठेने सेवा करीन. तीन, भूमी, समुद्र अथवा आकाशमार्गे जेथे जाण्याची आज्ञा होईल तेथे जाईन. चार, राष्ट्रपतींच्या व माझ्यावर नेमलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याच्या सर्व आज्ञा, प्राणावर बेतले तरी, पाळीन.

या रचनेत तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे क्रम. संविधान आधी येते, अधिकारी शेवटी. चंद्रसिंहांच्या पिढीची निष्ठा सम्राटाशी होती. १९५० नंतर निष्ठेचे स्थान व्यक्तीकडून संविधानाकडे आले. हा बदल मूलगामी आहे. व्यक्तीची इच्छा तिच्या आज्ञेतून व्यक्त होते, त्यामुळे सम्राटाच्या अधिकाऱ्याची आज्ञा मोडणे म्हणजे सम्राटाचीच अवज्ञा असे म्हणता येत होते. संविधानाची इच्छा मात्र कायद्यातून व्यक्त होते. कायदा मोडणारी आज्ञा संविधानाच्या नावाने देता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘प्राणावर बेतले तरी’ हे शब्द. येथे सैनिक स्वतःच्या प्राणाचे वचन देतो. इतरांच्या प्राणाविषयी शपथ काहीच बोलत नाही. शत्रूचा प्राण घेण्याचा अधिकार त्याला युद्धाचा कायदा देतो, नागरिकांवर बळ वापरण्याचा मर्यादित अधिकार फौजदारी प्रक्रियेचा कायदा देतो. शपथ त्याला तो अधिकार देत नाही. कसम परेडच्या भाषणांत या शब्दांतील त्याग वारंवार सांगितला जातो, त्यांतील मर्यादा मात्र सांगितली जात नाही.

तिसरी गोष्ट अडचणीची आहे. शपथेत ‘सर्व आज्ञा’ असे शब्द आहेत. सेना अधिनियम, १९५० च्या कलम ४१ मध्ये मात्र शिक्षापात्र ठरतो तो ‘कायदेशीर’ आज्ञेचा भंग. अधिकाराचे उघड उल्लंघन करून वरिष्ठाने आपल्या पदाच्या कामात प्रत्यक्ष दिलेली कायदेशीर आज्ञा मोडल्यास १४ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आज्ञा कायदेशीर नसेल तर या कलमाचा गुन्हाच घडत नाही. म्हणजे अधिनियमाने जे विशेषण १९५० मध्ये जाणीवपूर्वक ठेवले, ते चार वर्षांनंतरच्या नियमांतील शपथेच्या नमुन्यात नाही. सैनिक शपथ घेतो एका शब्दावर आणि त्याचा न्याय होतो दुसऱ्या शब्दावर.

या विसंगतीचा परिणाम फौजदारी कायद्यात अधिक गंभीर होतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ७६ नुसार, आपण कायद्याने बांधील आहोत अशा समजुतीने केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही. मात्र ती समजूत वस्तुस्थितीविषयीच्या चुकीतून झालेली असावी लागते, कायद्याविषयीच्या चुकीतून नव्हे. कलमाखालील प्रसिद्ध उदाहरण सैनिकाचेच आहे : वरिष्ठाच्या आज्ञेवरून, कायद्याच्या आदेशांना अनुसरून, जमावावर गोळी झाडणारा सैनिक गुन्हेगार नाही. यातील ‘कायद्याच्या आदेशांना अनुसरून’ हा भाग अनेकदा विसरला जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ मध्ये हीच तरतूद उदाहरणासह कायम आहे. आता समजा, एखाद्या जवानाने प्रामाणिकपणे मानले की शपथेनुसार प्रत्येक आज्ञा त्याच्यावर बंधनकारक आहे. ही त्याची कायद्याविषयीची चूक ठरेल आणि ती क्षम्य नाही. ज्या शपथेने त्याला ‘सर्व’ हा शब्द शिकविला ती शपथ न्यायालयात त्याचा बचाव करू शकत नाही.

ही शक्यता केवळ पुस्तकी नाही. मुंबईतील २००६ च्या एका कथित बनावट चकमकीच्या प्रकरणात (प्रकाश कदम विरुद्ध रामप्रसाद गुप्ता, २०११) सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांचा जामीन रद्द करण्याचा निर्णय कायम केला. त्या वेळी न्यायालयाने न्यूरेंबर्ग खटल्यांचा दाखला देऊन वरिष्ठाची आज्ञा हा बचाव होऊ शकत नाही आणि अशी बेकायदेशीर आज्ञा नाकारणे हे पोलिसाचे कर्तव्यच आहे, असे बजावले. निर्णय पोलिसांविषयीचा आहे, पण तत्त्व गणवेशातील प्रत्येकाला लागू पडणारे आहे.

याउलट नकार देणाऱ्याची स्थिती पाहावी. आज्ञा पाळणाऱ्या सैनिकाला खटल्यासाठी शासनाच्या पूर्वमंजुरीचे कवच आहे. नकार देणाऱ्याला संरक्षण देणारे असे स्वतंत्र कलम सेना अधिनियमात नाही, त्याची सारी भिस्त ‘कायदेशीर’ या एका विशेषणावर. त्यातही दोघांनी मिळून नकार दिला तर कलम ३७ खालील बंडाचा आरोप संभवतो आणि त्याची कमाल शिक्षा मृत्युदंड आहे. पेशावरची पुनरावृत्ती आज झाली तर चंद्रसिंहांच्या वारसांना टपाल तिकीट नव्हे, प्रथम कलम ३७ भेटेल.

अमेरिका व जर्मनी : दोन तुलना

शपथेत शब्द बदलला की वर्तन बदलते काय? अमेरिकेचे उदाहरण या बाबतीत सावध करणारे आहे. तेथे अधिकाऱ्याची शपथ आणि शिपायाची शपथ वेगवेगळ्या आहेत. शिपाई राज्यघटनेच्या रक्षणाबरोबर राष्ट्राध्यक्षांच्या व वरिष्ठांच्या आज्ञा नियमांनुसार व लष्करी न्यायसंहितेनुसार पाळण्याचे वचन देतो. अधिकाऱ्याच्या शपथेत आज्ञापालनाचा उल्लेखच नाही, तो फक्त राज्यघटनेला बांधील असतो.

१६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाय येथे अमेरिकन तुकडीने निःशस्त्र गावकऱ्यांची कत्तल केली. व्हिएतनामी नोंदीनुसार ५०४ माणसे मारली गेली. लेफ्टनंट विल्यम कॅलीने खटल्यात बचाव केला तो कॅप्टन मेदिनाच्या आज्ञेचा, म्हणजे ज्या आज्ञापालनाचा त्याच्या शपथेत उल्लेखही नव्हता त्याचा. त्याच दिवशी ह्यू थॉम्सन या वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर गावकरी आणि अमेरिकन सैनिक यांच्यामध्ये उतरविले. सैनिकांनी गावकऱ्यांवर गोळ्या झाडल्या तर त्यांच्यावर उलट गोळी झाडावी, असे त्याने आपल्या दोन सहकाऱ्यांना सांगितले आणि काही गावकऱ्यांना बाहेर काढले. त्या तुकडीतही गोळी झाडण्यास नकार देणारे काही साधे शिपाई होते, त्यांची शपथ मात्र आज्ञापालनाची होती. शपथेच्या शब्दांनी ना कॅलीला रोखले ना त्या शिपायांना अडविले. १९७१ मध्ये कॅलीला २२ जणांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. ती क्रमाने कमी होत गेली व अखेर त्याने सुमारे तीन-साडेतीन वर्षे, तीही बहुतांशी नजरकैदेत, काढली. थॉम्सनला शौर्यपदक मिळाले ते १९९८ मध्ये, तीस वर्षांनी. मात्र १९७३ च्या अपील निर्णयाने एक कसोटी पक्की केली : सामान्य समज असलेल्या माणसाला जी आज्ञा बेकायदेशीर असल्याचे कळले असते ती पाळल्याचा बचाव चालणार नाही.

जर्मनीचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. २ ऑगस्ट १९३४ रोजी हिंडेनबर्ग यांच्या निधनानंतर जर्मन सैन्याकडून ॲडॉल्फ हिटलर या व्यक्तीशी बिनशर्त आज्ञापालनाची शपथ घेवविण्यात आली. गुन्हा घडविणारी आज्ञा आहे हे माहीत असूनही ती पाळणारा कनिष्ठ दोषी ठरतो, अशी तरतूद त्या काळीही जर्मन लष्करी दंडसंहितेत होती. कायद्यात मर्यादा होती आणि शपथेत ती नव्हती. प्रत्यक्षात शपथच प्रभावी ठरली, इतकी की युद्धानंतर अनेक अधिकाऱ्यांनी आपल्या मौनाचे कारण म्हणून तिचाच आधार घेतला. हा अनुभव गाठीशी असलेल्या पश्चिम जर्मनीने १९५६ च्या सैनिक अधिनियमात मानवी प्रतिष्ठेचा भंग करणारी आज्ञा न पाळणे हा आज्ञाभंग नाही आणि गुन्हा घडविणारी आज्ञा पाळताच येणार नाही, असे स्पष्ट नमूद केले. नव्या शपथेतून व्यक्ती तर गेलीच, ‘आज्ञा’ हा शब्दही गेला. देशाची निष्ठेने सेवा करणे आणि जर्मन जनतेचा न्याय व स्वातंत्र्य यांचे धैर्याने रक्षण करणे, एवढेच वचन उरले.

दोन्ही उदाहरणे एकत्र वाचली म्हणजे निष्कर्ष असा निघतो : शपथेतील शब्द चांगला असूनही शिक्षण नसेल तर माय लाय घडते, आणि कायद्यातील शब्द चांगला असूनही शपथ उलट बोलत असेल तर कायदा निष्प्रभ होतो. भारताची आजची स्थिती हिटलरकालीन शपथेसारखी मुळीच नाही, कारण आपली निष्ठा संविधानाशी आहे. परंतु कायदा व शपथ यांतील शब्दभेद हा दोष दोन्हीकडे समान आहे.

संभाव्य आक्षेपांचा विचार

या विवेचनावर मुख्य आक्षेप असा येईल की सैनिकाला प्रत्येक आज्ञा तपासावयास लावले तर रणांगणावर विलंब होईल व जीव जातील. आक्षेप गंभीर आहे. त्यावर उत्तर असे की येथे प्रत्येक आज्ञा तपासण्याची अपेक्षा नाही. संशयाची जागा असेल तेथे आज्ञा कायदेशीर आहे असेच सैनिकाने मानावे. अपवाद फक्त उघड बेकायदेशीर आज्ञेचा. इस्रायलमध्ये १९५६ च्या कफर कासिम हत्याकांडाच्या खटल्यात न्यायाधीश बेन्जामिन हालेवी यांनी अशा आज्ञेवर जणू धोक्याचा काळा झेंडाच फडकत असतो, अशी प्रतिमा वापरली. ती ओळखण्यास कायद्याची पदवी लागत नाही. निःशस्त्र कैद्याला मार, मुलावर गोळी झाड, स्त्रीची विटंबना कर, या आज्ञा ओळखण्यास गावाकडून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाची समज पुरेशी आहे.

दुसरा आक्षेप असा की ‘कायदेशीर’ हा शब्द सैनिकाच्या मनात अविश्वास पेरील. परंतु हा शब्द कायद्यात १९५० पासून आहेच. ज्याच्यावर तो लागू होतो त्याच्यापासून तो दूर ठेवल्याने विश्वास वाढत नाही, फक्त अज्ञान वाढते. आणि त्या अज्ञानाची शिक्षा अधिकाऱ्याआधी जवानाला होण्याची शक्यता अधिक.

निष्कर्ष

१. पेशावरच्या सैनिकांविषयीचा गांधीजींचा अभिप्राय शपथेच्या पावित्र्याची जाणीव दाखवितो, परंतु नावडती आज्ञा व बेकायदेशीर आज्ञा यांत भेद न केल्यामुळे तो सर्वसाधारण नियम म्हणून स्वीकारता येत नाही.

२. नोकरी सोडून निष्ठेतून मुक्त व्हावे, हा गांधीजींचा पर्याय भरती झालेल्या शिपायाला आज्ञेच्या क्षणी उपलब्ध नसतो.

३. भारतीय शपथेत संविधाननिष्ठा प्रथम असल्याने उघड बेकायदेशीर आज्ञेचा नकार हा शपथभंग नसून शपथपालनच ठरतो. मात्र ‘सर्व आज्ञा’ ही शब्दयोजना हा अर्थ झाकून टाकते.

४. शपथेचा नमुना हा केंद्र सरकारने केलेल्या नियमांचा भाग आहे. त्यात ‘कायदेशीर’ हे एक विशेषण घालण्यासाठी संविधानदुरुस्तीची गरज नाही. तसे केल्यास शपथ व अधिनियम यांची भाषा एक होईल.

५. केवळ शब्द पुरेसा नाही. प्रशिक्षण केंद्रांत, तसेच महाविद्यालयांतील राष्ट्रीय छात्रसेनेच्या अभ्यासात, कलम ४१ चा अर्थ पेशावर आणि माय लाय यांच्या उदाहरणांसह शिकविला गेला पाहिजे.

ज्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला होता, त्याला त्या दिवशी प्रस्तुत लेखक समाधानकारक उत्तर देऊ शकला नाही. आज ते असे देता येईल : शपथ संविधानाच्या बाजूने असते, आणि तुला दिलेली आज्ञा संविधानाच्या बाजूने असेल तोवर ती तुझ्या अधिकाऱ्याच्याही बाजूने असते. हे उत्तर त्याला परेडच्या मैदानावर, शपथेच्याच शब्दांत मिळावयास हवे होते. ते शोधण्यासाठी त्याला महाविद्यालयात परत यावे लागले, यातच प्रचलित शपथेची उणीव स्पष्ट होते.